'हॅव' कसं वापरायचं : मराठी वाक्यापासून बिनचूक इंग्रजी वाक्यापर्यंत, टप्प्याटप्प्याने

'हॅव' पाचवी-सहावीतच पाठ झालेलं असतं. तरी जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या कॉलेजांतून बाहेर पडणारी हुशार मुलं मुलाखतीत 'आय ॲम हॅविंग थ्री ब्रदर्स', 'माय फादर हॅव अ शॉप', 'आय हॅव कम्प्लिटेड माय बी.कॉम. इन 2022' असं बोलून जातात. अर्थ सगळ्यांना ठाऊक असतो. चूक होते ती अर्थ लावण्याच्या क्रमात. मराठीतला 'आहे' दिसला की लगेच त्याला इंग्रजी शब्द शोधला जातो. आधी पाहायला हवं की या वाक्यात 'हॅव' बसतं का, आणि बसत असेल तर कोणत्या कामासाठी.

खालचे टप्पे दिलेल्या क्रमानेच करा. काळ आणि रूपं आधी पाठ करून अर्थाकडे नंतर वळणं, हीच नेहमीची पद्धत या क्रियापदात घात करते.

## तयारी

एक वही घ्या आणि घरातली, शेतातली, कॉलेजातली वीस मराठी वाक्यं लिहा. पुस्तकातली नकोत, खरोखर बोलता ती हवीत. 'मला तीन भाऊ आहेत', 'आमच्याकडे विहीर आहे', 'मला सर्दी झाली आहे', 'मी भरीत खातोय', 'मला भुसावळला जावं लागेल', 'मी मोटर दुरुस्त करून घेतली', 'मी तोरणमाळ पाहिलं आहे', अशी.

पुढच्या पानावर पाच रकाने आखा, 'हॅव'च्या प्रत्येक कामाला एक; वाक्यं इंग्रजीत आणली की ज्याच्या त्याच्या रकान्यात लिहा. 'हॅव'ची कामं पाचच आहेत:

1. असणं : मालकी, नातं, आजार, वेळ
2. कृती करणं : जेवण, चहा, आंघोळ, बैठक
3. झालेलं काम सांगणं : तिसऱ्या रूपाबरोबर
4. करावं लागणं : 'हॅव टू'
5. दुसऱ्याकडून करून घेणं

रूपं चार आहेत: हॅव, हॅज, हॅड आणि हॅविंग. यांखेरीज क्रियापदांची तिसरी रूपं, म्हणजे क्लासमध्ये ज्यांना व्ही-थ्री म्हणतात ती, निदान एवढी तोंडपाठ हवीत: गॉन, बीन, सीन, कम, डन, ईटन, टेकन, गिव्हन, रिटन, ब्रॉट, बॉट, सोल्ड, पेड, ब्रोकन, फरगॉटन. ही येत नसतील तर पाचव्या टप्प्याला हात लावू नका. तिथली अर्धी गडबड केवळ 'हॅव वेंट' आणि 'हॅव सॉ' यांची असते.

## टप्पा 1 : 'हॅव' लागतं का, ते आधी ठरवा

मराठीत 'हॅव'च्या जोडीचं एक क्रियापद नाही. आपण 'आहे' तेच ठेवतो आणि नामाला लागणारा प्रत्यय किंवा शब्द बदलतो. म्हणून 'आहे'कडे न पाहता त्या प्रत्ययाकडे पाहा.

'-ला' आणि नातं: मला तीन भाऊ आहेत. आय हॅव थ्री ब्रदर्स.

'-कडे' आणि वस्तू, जनावर, पैसा: आमच्याकडे दोन म्हशी आहेत. वी हॅव टू बफेलोज.

'-चा, -ची, -चं': आमचं चोपड्यात दुकान आहे. वी हॅव अ शॉप इन चोपडा.

'-जवळ' आणि अंगावर, खिशात असलेली वस्तू: माझ्याजवळ पेन आहे. आय हॅव अ पेन विथ मी. इथे 'नियर मी' अजिबात नको. त्याचा अर्थ माझ्या आसपास कुठेतरी पेन पडलं आहे, असा होतो.

'-ला' आणि आजार: मला ताप आहे. आय हॅव अ फीवर. सर्दी, खोकला, डोकेदुखी यांच्याआधी 'अ' लावा: अ कोल्ड, अ कफ, अ हेडेक. मलेरिया, डेंग्यू, डायबीटीस यांच्याआधी लावू नका.

परीक्षा, तास, बैठक: उद्या माझी परीक्षा आहे. आय हॅव ॲन एक्झाम टुमारो.

'-ला' किंवा '-त' आणि एखाद्या गोष्टीचा भाग: खोलीला दोन खिडक्या आहेत. द रूम हॅज टू विंडोज. रावेर-यावलकडे केळीची बाग खोडांवर मोजली जाते, तेव्हा 'बागेत पाच हजार खोडं आहेत' हे वाक्य नेहमीचंच. अवर फार्म हॅज फाइव्ह थाउजंड बनाना प्लांट्स. वस्तू भाग नसून नुसती ठेवलेली असेल तर 'हॅव' बसत नाही. 'टेबलावर डबा आहे' याचं 'द टेबल हॅज अ टिफिन' होत नाही. तिथे 'देअर इज अ टिफिन ऑन द टेबल' म्हणायचं.

आता उलटी बाजू. मराठीत 'मला' आहे, पण इंग्रजीत 'हॅव' नाही, अशी वाक्यं एका जागी लिहून भिंतीवर लावा:

- मला भूक लागली आहे. आय ॲम हंग्री.
- मला तहान लागली आहे. आय ॲम थर्स्टी.
- मला थंडी वाजते आहे. आय ॲम कोल्ड.
- मला भीती वाटते. आय ॲम अफ्रेड.
- मला राग आला आहे. आय ॲम ॲंग्री.
- मला घाई आहे. आय ॲम इन अ हरी.
- मला वीस वर्षं पूर्ण झाली. आय ॲम ट्वेंटी.
- मला माहीत आहे. आय नो.

सावधान: 'आय ॲम कोल्ड' म्हणजे मला थंडी वाजते आहे, आणि 'आय हॅव अ कोल्ड' म्हणजे मला सर्दी झाली आहे. डॉक्टरांसमोर यांची अदलाबदल झाली तर ते दुसऱ्याच तक्रारीवर बोलू लागतील.

आणखी एक: वर्गात हात वर करून 'सर, आय हॅव अ डाउट' म्हणायची आपल्याकडे पद्धत आहे. भारतात ते समजतं. परदेशी माणसाला मात्र तुम्हाला त्याच्या बोलण्याबद्दल शंका आहे असं वाटू शकतं. 'आय हॅव अ क्वेश्चन' कुठेही चालतं.

## टप्पा 2 : कर्ता बदला, मग रूप निवडा

हा टप्पा सगळ्यांत जास्त वेळा गाळला जातो. 'हॅव' की 'हॅज' हा गोंधळ पाठांतर कमी पडल्यामुळे होतो असं समजतात. खरं कारण मराठी वाक्याच्या बांधणीत आहे.

'त्याला तीन भाऊ आहेत' या वाक्यात 'आहेत' अनेकवचनी का झालं? भाऊ तीन आहेत म्हणून. अहिराणीतही हेच घडतं: 'माले तीन भाऊ शेतस'. क्रियापद भावांप्रमाणे चालतं. इंग्रजीत भाऊ तीन असोत की तेरा, क्रियापद ज्याचे भाऊ आहेत त्याच्याप्रमाणे चालतं. 'आहेत' मनात ठेवून इंग्रजी बोलणारा 'ही हॅव थ्री ब्रदर्स' म्हणतो, आणि त्याच्या कानाला ते बरोबरच वाटतं.

म्हणून असं करा:

1. मराठी वाक्यात '-ला', '-कडे', '-चा' लागलेला शब्द शोधा.
2. तो प्रत्यय काढून टाका. 'त्याला'चं 'तो', 'माझ्याकडे'चं 'मी', 'आमचं'चं 'आम्ही'.
3. हा शब्द इंग्रजी वाक्याच्या सुरुवातीला ठेवा.
4. फक्त त्याच्याकडे पाहून रूप निवडा. आय, यू, वी, दे आणि अनेकवचनी नाम असेल तर 'हॅव'. ही, शी, इट आणि एकवचनी नाम असेल तर 'हॅज'.
5. असलेली वस्तू, माणसं, पैसा सगळ्यांत शेवटी.

दुसरा सापळा आदरार्थी बहुवचनाचा. आपण 'वडील शेतकरी आहेत', 'आजोबा आले', 'सर गेले' असंच बोलणार, तेच योग्य. पण तो आदर इंग्रजी क्रियापदात उतरत नाही. वडील एकच आहेत, म्हणून 'माय फादर हॅज फाइव्ह एकर्स ऑफ लँड'. प्राचार्य कितीही मोठे असोत, 'द प्रिन्सिपल हॅज अ मीटिंग'. 'माय फादर हॅव' ही चूक खानदेशात घराघरातून ऐकू येते आणि तिचं मूळ संस्कारात आहे. म्हणून ती मुद्दाम सराव केल्याशिवाय जात नाही. आई, वडील, आजी, आजोबा, काका, सर, मॅडम यांच्यावर दोन-दोन वाक्यं रोज मोठ्याने म्हणा.

फसवे कर्ते थोडेच आहेत. एव्हरीवन, समवन, नोबडी, ईच यांना 'हॅज'. 'वन ऑफ माय फ्रेंड्स'ला 'हॅज', कारण मित्र अनेक असले तरी बोलणं एकाबद्दल आहे. पीपल आणि पोलिस यांना 'हॅव'. 'माय ब्रदर अँड आय'ला 'हॅव'.

तपासणी: वहीतल्या पहिल्या रकान्याच्या प्रत्येक इंग्रजी वाक्यातला पहिला शब्द बोटाने झाका. उरलेलं वाचून 'कोणाकडे?' असं विचारा. उत्तर झाकलेला शब्दच येत असेल तर बांधणी बरोबर आहे.

## टप्पा 3 : प्रश्न आणि नकार

प्रश्न किंवा नकार करताना 'डू', 'डझ', 'डिड' पुढे येतात आणि सगळं वजन उचलतात. त्यांच्यानंतर कायम मूळ रूप, 'हॅव'.

- डू यू हॅव अ रिसीट?
- डझ शी हॅव अ लायसन्स? इथे 'डझ शी हॅज' नाही.
- डिड दे हॅव अ रिझर्व्हेशन? इथे 'डिड दे हॅड' नाही.
- ही डझन्ट हॅव अ फोन.

'डझ'मध्ये एकवचन एकदा सांगून झालं आहे, ते 'हॅज'मध्ये पुन्हा सांगायची गरज नाही. 'डिड'मध्ये भूतकाळ आला, मग 'हॅड' कशाला?

नकाराचा दुसरा मार्ग 'नो' लावण्याचा: आय हॅव नो टाइम. दोन्ही मार्ग एकत्र करून 'आय डोन्ट हॅव नो टाइम' म्हणू नका.

'हॅव गॉट' म्हणजे बोलण्यातलं 'हॅव'. 'आय हॅव गॉट अ बाइक' आणि 'आय हॅव अ बाइक' यांचा अर्थ एकच. याचा प्रश्न मात्र 'हॅव यू गॉट अ बाइक?' असा होतो. 'डू यू हॅव गॉट' ही खिचडी टाळा. अर्जात, पत्रात साधं 'हॅव'च लिहा.

## टप्पा 4 : 'हॅविंग' कधी चालतं

आता दुसरा रकाना. 'आय ॲम हॅविंग अ बाइक' का चुकतं? गाडी असणं ही स्थिती आहे, चालू असलेली कृती नाही. मालकी, नातं, आजार, मत, कल्पना यांना 'इंग' लागत नाही.

तेच 'हॅव' जेव्हा खाणं, पिणं, घेणं, करणं या अर्थाने येतं, तेव्हा ती कृती असते आणि 'हॅविंग' बिनदिक्कत चालतं:

- वी आर हॅविंग लंच.
- दे आर हॅविंग टी.
- शी इज हॅविंग अ बाथ.
- द टीचर्स आर हॅविंग अ मीटिंग.
- वी आर हॅविंग ट्रबल विथ द पंप.

तपासणी: 'हॅव'च्या जागी मराठीत 'खातोय, पितोय, घेतोय, करतोय, चाललंय' बसतं का पाहा. बसलं तर 'हॅविंग' चालेल. 'आहे'च बसत असेल तर नाही. 'आम्ही भरीत-भाकरी खातोय', इथे 'खातोय' आहे, म्हणून 'वी आर हॅविंग भरीत अँड भाकरी' बरोबर. 'आमच्याकडे केळीची बाग आहे', इथे 'आहे', म्हणून 'वी हॅव अ बनाना फार्म'.

जेवणाला 'टेक' लावायची सवय मोडा. 'आय टुक माय लंच' ऐवजी 'आय हॅड लंच' म्हणा, आणि लंच, डिनर, ब्रेकफास्ट यांच्याआधी एरवी 'अ'ही नको. औषधाला मात्र 'टेक'च हवं, फोटोलाही 'टेक'.

## टप्पा 5 : झालेलं काम सांगणारं 'हॅव'

या टप्प्याला वेळ द्या. बाकीच्यांना एक दिवस पुरेल, याला आठवडा लागेल.

इथे 'हॅव'चा स्वतःचा अर्थ उरत नाही. ते तिसऱ्या रूपाला आधार देतं. 'आय हॅव सीन तोरणमाळ' म्हणजे मी तोरणमाळ पाहिलं आहे. कधी पाहिलं ते महत्त्वाचं नाही, पाहिलेलं आहे एवढंच सांगायचं आहे.

### 5.1 वेळ सांगितली की 'हॅव' काढा

मराठीत 'मी काल फॉर्म भरला आहे' असं म्हणता येतं. इंग्रजीत 'काल' आणि 'हॅव' एका वाक्यात राहत नाहीत. यस्टर्डे, लास्ट वीक, लास्ट इयर, टू डेज अगो, इन 2022, 'व्हेन आय वॉज इन कॉलेज', यांपैकी काहीही आलं की साधा भूतकाळ.

मुलाखतीत 'आय हॅव कम्प्लिटेड माय बी.कॉम. इन 2022' हे वाक्य जवळजवळ प्रत्येक जण म्हणतो. ते असं सुधारा: 'आय कम्प्लिटेड माय बी.कॉम. इन 2022', किंवा वर्ष न सांगता 'आय हॅव कम्प्लिटेड माय बी.कॉम.' दोन्ही बरोबर आहेत, पण एका वेळी एकच. विद्यापीठाचं नाव घालायला हरकत नाही: 'आय कम्प्लिटेड इट फ्रॉम कवयित्री बहिणाबाई चौधरी नॉर्थ महाराष्ट्र युनिव्हर्सिटी इन 2022.' नाव लांब आहे, त्यामुळे बोलताना दम लागतो आणि नंतर वर्ष घाईत जोडलं जातं. ओळख आधी लिहून काढा आणि वर्षाखाली रेघ ओढा. रेघ असलेल्या वाक्यात 'हॅव' सापडलं की खोडा.

'हॅव'शी पटणारे शब्द वेगळे आहेत: जस्ट, ऑलरेडी, येट, एव्हर, नेव्हर, सो फार. 'द ट्रेन हॅज जस्ट लेफ्ट.' 'आय हॅव नेव्हर बीन टू दिल्ली.' 'येट' प्रश्नात आणि नकारात वाक्याच्या शेवटी येतं: 'हॅव यू पेड द फीज येट?'

### 5.2 '-पासून' आलं की 'हॅव' घाला

'मी तीन वर्षांपासून जळगावात राहतो.' मराठीत 'राहतो' हा साधा वर्तमानकाळ आहे, म्हणून 'आय ॲम लिव्हिंग इन जळगाव सिन्स थ्री इयर्स' तोंडात येतं. यात चुका दोन आहेत. काम आधी सुरू झालं आणि अजून चालू आहे, तेव्हा इंग्रजीला 'हॅव' लागतं. आणि मुदत सांगताना 'फॉर' लागतं, सुरुवात सांगताना 'सिन्स'.

- आय हॅव लिव्हड इन जळगाव फॉर थ्री इयर्स.
- आय हॅव लिव्हड इन जळगाव सिन्स 2021.
- ही हॅज बीन वर्किंग इन अ बँक सिन्स जून.

मोजून सांगता येते ती मुदत: तीन वर्षं, दहा दिवस, दोन तास. तिथे 'फॉर'. कॅलेंडरवर किंवा घड्याळात बोट ठेवता येतं ती सुरुवात: 2021, जून, सोमवार, सकाळचे दहा. तिथे 'सिन्स'. मराठीत दोन्हीकडे 'पासून'च येतं, म्हणून भाषांतराने हे सुटत नाही, मोजूनच सुटतं.

### 5.3 गॉन की बीन

'शी हॅज गॉन टू भुसावळ' म्हणजे ती भुसावळला गेली आहे, अजून तिकडेच आहे. 'शी हॅज बीन टू भुसावळ' म्हणजे ती जाऊन आली आहे. नोकरीच्या मुलाखतीत 'हॅव यू एव्हर बीन टू मुंबई?' विचारलं तर उत्तर 'येस, आय हॅव बीन देअर'. 'आय हॅव गॉन देअर' म्हटलं तर तुम्ही अजून मुंबईतच आहात असा अर्थ निघतो, आणि तुम्ही तर समोर बसलेले आहात.

### 5.4 'गेलो होतो'चं 'हॅड गॉन' करू नका

या लेखातली ही सर्वांत महत्त्वाची सूचना. 'काल मी नाशिकला गेलो होतो' हे अगदी साधं मराठी वाक्य आहे. 'होतो' दिसल्यावर 'हॅड' घालण्याची सवय आपल्या हाडीमाशी आहे: 'यस्टर्डे आय हॅड गॉन टू नाशिक.' इंग्रजीत 'हॅड'चं हे काम नाही. 'यस्टर्डे आय वेंट टू नाशिक', संपलं.

'हॅड' आणि तिसरं रूप फक्त तेव्हा, जेव्हा भूतकाळातल्या दोन घटना आहेत आणि एक दुसरीच्या आधी घडली आहे. आधी घडलेलीला 'हॅड', नंतरचीला साधा भूतकाळ. 'आम्ही चाळीसगावला पोचलो तेव्हा गाडी निघून गेली होती.' गाडी आधी गेली, पोचलो नंतर: 'व्हेन वी रीच्ड चाळीसगाव, द ट्रेन हॅड लेफ्ट.'

तपासणी: 'हॅड' लिहिलंत की स्वतःला विचारा, 'कशाच्या आधी?' उत्तर त्याच वाक्यात किंवा मागच्या वाक्यात सापडलं पाहिजे. सापडलं नाही तर 'हॅड' काढून दुसरं रूप ठेवा.

'आय हॅड अ फीवर'मधलं 'हॅड' वेगळं. तिथे पुढे तिसरं रूप नाही, नाम आहे. ते पहिल्या कामाचं भूतकाळी रूप आहे आणि त्याला ही अट लागू नाही.

## टप्पा 6 : 'हॅव टू', म्हणजे करावं लागणं

'मला जावं लागतं' : आय हॅव टू गो. 'तिला जावं लागतं' : शी हॅज टू गो. 'जावं लागलं' : हॅड टू गो. 'जावं लागेल' : विल हॅव टू गो. 'टू'नंतर कायम मूळ क्रियापद. 'शी हॅज टू गोज' किंवा 'आय हॅड टू वेंट' नाही.

बोलताना 'हॅव टू'चा उच्चार 'हॅफ्टू' आणि 'हॅज टू'चा 'हॅस्टू' असा ऐकू येतो. ऐकण्याच्या परीक्षेत हे ओळखता आलं नाही तर अख्खं वाक्य निसटतं.

सावधान: नकारात अर्थ फार बदलतो. 'यू डोन्ट हॅव टू कम' म्हणजे यायची गरज नाही, आलात तरी चालेल. 'यू मस्ट नॉट कम' म्हणजे यायचं नाही, मनाई आहे. 'यू डोन्ट हॅव टू टच द वायर' अशी सूचना विजेच्या खांबावर लिहिली तर ती धोक्याची सूचनाच राहत नाही.

विल, कॅन, मे, मस्ट, शुड यांच्यानंतर कर्ता कोणीही असो, 'हॅव'च. 'शी विल हॅज' असं कधीच होत नाही. 'शुड हॅव पेड' म्हणजे भरायला हवं होतं. बोलण्यात ते 'शुडव्ह' असं ऐकू येतं, म्हणून काही जण लिहिताना 'शुड ऑफ' लिहितात. लिहिताना 'हॅव' पूर्ण लिहा.

## टप्पा 7 : करून घेणं

आपण मोटर स्वतः उघडून बसत नाही, मेकॅनिककडून दुरुस्त करून घेतो. केस स्वतः कापत नाही, कापून घेतो. इंग्रजीत 'आय रिपेअर्ड माय मोटर' म्हटलं तर पाना तुमच्या हातात होता असा अर्थ होतो.

क्रम असा: कर्ता, 'हॅव'चं योग्य रूप, वस्तू, तिसरं रूप.

- आय हॅड द मोटर रिपेअर्ड. (मोटर दुरुस्त करून घेतली.)
- शी हॅज हर ब्लाउजेस स्टिच्ड इन धुळे. (ती ब्लाउज धुळ्यात शिवून घेते.)
- वी विल हॅव द वेल क्लीन्ड. (विहीर साफ करून घेऊ.)

दोन शब्दांची जागा बदलली की अर्थच फिरतो. 'आय हॅड द मोटर रिपेअर्ड' म्हणजे करून घेतली. 'आय हॅड रिपेअर्ड द मोटर' म्हणजे कशाच्या तरी आधी मी स्वतः दुरुस्त केली होती. वस्तू मध्ये असेल तर काम दुसऱ्याने केलं, वस्तू शेवटी असेल तर कर्त्याने केलं.

ज्याच्याकडून करून घेतलं त्याचं नाव घ्यायचं असेल तर त्याच्यानंतर मूळ रूप येतं: 'आय हॅड द मेकॅनिक चेक द मोटर.'

## टप्पा 8 : एका उताऱ्यावर सगळं तपासा

खालची ओळख आपल्याकडच्या मुलाखतींत ऐकू येते तशीच आहे. पुढे वाचण्याआधी वहीत स्वतः दुरुस्त करा.

'आय ॲम फ्रॉम अमळनेर. आय ॲम हॅविंग टू सिस्टर्स. माय फादर हॅव अ क्लॉथ शॉप. ही इज रनिंग इट सिन्स ट्वेंटी इयर्स. आय हॅव डन माय बी.एस्सी. इन 2023. लास्ट मंथ आय हॅड गॉन टू पुणे फॉर ॲन इंटरव्ह्यू. माय सिस्टर डझन्ट हॅज अ जॉब. शी विल हॅज टू फाइंड वन.'

दुरुस्ती, वाक्याच्या क्रमाने:

पहिलं वाक्य ठीक. दुसऱ्यात बहिणी असणं ही स्थिती, म्हणून 'आय हॅव टू सिस्टर्स'. तिसऱ्यात वडील एकच, म्हणून 'माय फादर हॅज अ क्लॉथ शॉप'. चौथ्यात काम अजून चालू आहे आणि वीस वर्षं ही मुदत आहे, म्हणून 'ही हॅज बीन रनिंग इट फॉर ट्वेंटी इयर्स'. पाचव्यात वर्ष आलं, म्हणून 'आय डिड माय बी.एस्सी. इन 2023'. सहाव्यात 'कशाच्या आधी?' याला उत्तर नाही, म्हणून 'लास्ट मंथ आय वेंट टू पुणे'. सातव्यात 'डझन्ट' येऊन गेलं, म्हणून 'डझन्ट हॅव अ जॉब'. आठव्यात 'विल'नंतर मूळ रूप: 'शी विल हॅव टू फाइंड वन.'

सातपैकी पाच जागा अचूक सापडल्या असतील तर आता स्वतःची ओळख लिहा. त्यात प्रत्येक 'हॅव'वर पाच रकान्यांपैकी कोणता, तो आकडा टाका. एखाद्या 'हॅव'ला आकडा देता आला नाही, तर बहुधा तिथे 'हॅव' नकोच आहे. ते वाक्य पहिल्या टप्प्यापासून पुन्हा करा.